‘द वायपर्स टाइम्स’ची प्रतिरूप आवृत्ती: खंदकांमागच्या छापखान्यातले तेवीस अंक

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या वृत्तपत्राचे सर्व अंक एकत्र बांधलेल्या या ग्रंथातल्या अगदी पहिल्या अंकात चौकटीत छापलेली एक जाहिरात आहे. घरासाठी जमीन विकणे आहे, टेकडी क्रमांक ६० वर घर बांधा, जागा उजेडाची, हवा मोकळी आणि तरतरी आणणारी, येथून ऐतिहासिक ईप्र शहराचा उत्तम देखावा दिसतो, अशा अर्थाचा मजकूर तिच्यात आहे आणि चौकशीसाठी नाव दिले आहे ते ‘बॉश आणि कंपनी, मेनिन’. ‘बॉश’ हा ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी जर्मनांसाठी रुळलेला शब्द होता आणि ईप्रप्रमाणेच बेल्जियममध्ये असलेले मेनिन हे गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. टेकडी क्रमांक ६० ही खरी टेकडी नव्हतीच. लोहमार्गासाठी जमीन खोदताना निघालेल्या मातीचा तो ढीग होता आणि समुद्रसपाटीपासून साठ मीटर उंची असल्यामुळे लष्करी नकाशावर त्याला हे नाव मिळाले होते. ब्रिटिशांनी १७ एप्रिल १९१५ रोजी खालून सुरुंग उडवून ती घेतली आणि ५ मे रोजी विषारी वायूच्या हल्ल्यात ती गमावली. हा अंक निघाला १२ फेब्रुवारी १९१६ रोजी. म्हणजे टेकडी जर्मनांकडे होती, तिच्यावरून त्यांच्या निरीक्षकांना ईप्रमधली हालचाल दिसत होती आणि त्याच शहरात बसून हे ब्रिटिश सैनिक वृत्तपत्र छापत होते. जाहिरातीतला एकही शब्द खोटा नाही. देखावा उत्तम आहे, हवा मोकळी आहे आणि चौकशी मेनिनलाच करायला हवी. हा विनोद मला कळला तेव्हा मी ग्रंथ मिटून थोडा वेळ बसून राहिलो आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून सावकाश वाचायला घेतला.

‘द वायपर्स टाइम्स’ हे पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैनिकांनी स्वतःच लिहून, स्वतःच खिळे, म्हणजे धातूची सुटी छपाईअक्षरे, जुळवून छापलेले वृत्तपत्र होय. ईप्र हे नाव ब्रिटिश सैनिकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचे ‘वायपर्स’ केले. तेच नाव पत्राच्या माथ्यावर चढले. कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स हे संपादक आणि लेफ्टनंट जॅक पिअरसन हे उपसंपादक. दोघेही शेरवूड फॉरेस्टर्स रेजिमेंटच्या बाराव्या बटालियनमधले. ही पायोनियर बटालियन होती, म्हणजे लढाईबरोबर खंदक खणणे, रस्ते दुरुस्त करणे, तारा ओढणे ही कामे तिच्याकडे असत. ईप्रच्या पडझडीत त्यांना एक छपाईयंत्र आणि आसपास विखुरलेले खिळे सापडले. सैन्यात येण्यापूर्वी छापखान्यात काम केलेला एक सार्जंट त्यांच्यात होता, त्याने यंत्र चालते केले. खिळे इतके अपुरे होते की एका वेळी एकच पान जुळवता येई. ते छापून झाले की खिळे सोडवून पुढचे पान जुळवायचे. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारे ‘ई’ अक्षर आणि ‘वाय’ हे अक्षर यांचा तर सतत तुटवडा पडे. पहिल्या अंकाच्या शंभर प्रती निघाल्या. तिथून डिसेंबर १९१८ पर्यंत एकूण तेवीस अंक निघाले आणि ही बटालियन ज्या चोविसाव्या डिव्हिजनमध्ये होती ती जिथे गेली तिथले नाव पत्राने घेतले: ‘न्यू चर्च टाइम्स’, ‘केमेल टाइम्स’, ‘सोम टाइम्स’; मग ब्रिटिश एक्स्पिडिशनरी फोर्स या सगळ्या फौजेच्या नावावरून ‘बी. ई. एफ. टाइम्स’ आणि युद्ध संपल्यावर ‘बेटर टाइम्स’.

हे सर्व अंक जसेच्या तसे, म्हणजे मूळ पानांच्या छायाप्रतींच्या रूपात, एकत्र बांधलेल्या ग्रंथाचे हे परीक्षण आहे. अशा प्रतिरूप आवृत्त्या लंडनमध्ये १९१८ पासून वेळोवेळी निघत आल्या आहेत. १९३० च्या आवृत्तीला तर ईप्रच्या आघाडीवर सेकंड आर्मीचे नेतृत्व केलेल्या फील्ड मार्शल प्लमर यांची प्रस्तावना होती. माझ्याकडे आहे ती अलीकडची, मोठ्या आकाराची, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची आवृत्ती आहे.

या ग्रंथाकडे येण्याआधी मी एक चूक केली आणि ती सविस्तर सांगणे खरेदीदाराच्या उपयोगाचे आहे. स्वस्त पडते म्हणून मी प्रथम या अंकांची नव्याने अक्षरजुळणी केलेली एक डिजिटल आवृत्ती घेतली होती. तिच्यात मजकूर बहुतेक सगळा होता, पण चौकटी नव्हत्या, ठळक आणि बारीक टाइपांमधला फरक नव्हता आणि जाहिराती, संपादकीय, पत्रव्यवहार, कविता हे सगळे एकाच वळणाच्या परिच्छेदांमध्ये एकामागून एक लावलेले होते. टेकडी क्रमांक ६० ची जाहिरात मी तिथे वाचली होती आणि ती माझ्या लक्षातही राहिली नव्हती. एखाद्या लेखाचे अर्धवट राहिलेले वाक्य असावे तशी ती दोन परिच्छेदांच्या मध्ये पडली होती. प्रतिरूप आवृत्तीत तीच जाहिरात पाहिली तेव्हा पहिल्याच नजरेत ती लंडनच्या कोणत्याही वृत्तपत्रातल्या जमिनीच्या जाहिरातीसारखी दिसली. डोळ्याला ओळखीचा आकार आधी भेटतो आणि अर्थ नंतर येऊन त्या आकाराला तडा देतो. या पत्रातला बहुतेक विनोद असाच घडलेला आहे, म्हणून नव्या जुळणीची आवृत्ती कितीही कमी किमतीत मिळाली तरी ती घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

जाहिरातींचे पान हे या पत्राचे हृदय आहे. ईप्रमधले क्लॉथ हॉल ही मध्ययुगातली कापडबाजाराची भव्य इमारत. नोव्हेंबर १९१४ मध्ये तोफांच्या माऱ्याने ती पेटली आणि नंतर तिच्या भिंतींचे सांगाडे तेवढे उरले. वायपर्स टाइम्समध्ये तिथे चालणाऱ्या करमणुकीच्या कार्यक्रमांची जाहिरात येते आणि शहरातले सर्वांत हवेशीर सभागृह अशी तिची शिफारस केलेली असते. दुसऱ्या एका जाहिरातीत ईप्रभोवतीचा सगळा रणप्रदेश एखाद्या खानदानी जहागिरीसारखा विक्रीला काढला आहे. तळघरातली घरे राहण्यास तयार आहेत आणि शिकारीची सोय अप्रतिम आहे. तिसरी जाहिरात पालकांसाठी आहे: तुमच्या मुलाला यंत्रांची आवड असेल तर त्याला फ्लामेनवेर्फर घेऊन द्या, शिक्षणही होईल आणि करमणूकही. फ्लामेनवेर्फर म्हणजे पेटत्या तेलाचा फवारा सोडणारे जर्मन यंत्र. ईप्रजवळच्या हूगे येथे ३० जुलै १९१५ च्या पहाटे ते ब्रिटिश खंदकांवर वापरले गेले, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. पत्राच्या वाचकांत त्या आघाडीची माहिती नसलेला कोणीही नव्हता. त्या यंत्राला खेळण्यांच्या दुकानातल्या भाषेत आणून बसवण्यामागे जे धैर्य आहे ते मला खंदकातल्या इतर धैर्याहून कमी वाटत नाही.

या विनोदाचा रोख कुणावर आहे हे पाहिले तर हा ग्रंथ नेहमीच्या युद्धविनोदापेक्षा वेगळा का वाटतो ते कळते. शत्रूची चेष्टा यात आहे, पण ती थोडी आणि बऱ्यापैकी सौम्य आहे. खरा मारा आहे तो मायदेशी, युद्धाबद्दल जी भाषा बोलली आणि छापली जात होती तिच्यावर. त्या भाषेचे प्रत्येक रूप, म्हणजे जाहिरात, तज्ज्ञाचे विश्लेषण, बातमीदाराचे वार्तापत्र, मुख्यालयाचे परिपत्रक, रॉबर्ट्स आणि पिअरसन यांनी उचलले आणि त्यात खंदकातले सत्य भरले.

तज्ज्ञाच्या विश्लेषणाचे उदाहरण घेऊ. हिलेर बेलॉक हे नामवंत लेखक त्या काळात एका साप्ताहिकात युद्धाचा आढावा घेत आणि जर्मनीचे मनुष्यबळ कसे संपत आले आहे याची आकडेमोड मांडत. वायपर्स टाइम्सने त्यांच्या नावातली आद्याक्षरे अदलाबदल करून ‘बेलरी हेलॉक’ हा तज्ज्ञ उभा केला. त्याचे गणित असे आहे. जर्मनीची लढाऊ लोकसंख्या १ कोटी २० लाख धरू. त्यांपैकी ८० लाख मेले आहेत किंवा मरत आहेत; उरले ४० लाख. यांतले १० लाख नौदलात असल्यामुळे लढणारे नव्हेतच. राहिलेल्या ३० लाखांपैकी २५ लाख लठ्ठपणा आणि खादाडपणातून आलेल्या इतर व्याधींमुळे लढायला नालायक. उरले ५ लाख. यांपैकी ४,९७,२५० जण असाध्य रोगांनी ग्रासले आहेत. राहिले २,७५०. त्यांतले २,१५० पूर्व आघाडीवर आहेत आणि उरलेल्या ६०० पैकी ५८४ सेनापती आणि त्यांचे अधिकारी आहेत. म्हणजे पश्चिम आघाडीवर जर्मनांचे फक्त सोळा लोक उरतात. मी वजाबाकी कागदावर करून पाहिली, प्रत्येक पायरी बरोबर आहे. गंभीर गणिताचा ताल इतका नेमका पकडला आहे की शेवटच्या सोळांपर्यंत पोचताना वाचक नकळत मान डोलावत असतो. नौदलाचे दहा लाख लढणारे नव्हेत आणि सहाशेतले पाचशे चौऱ्याऐंशी सेनापतीच, या दोन टोचण्या फक्त जर्मनांसाठी नाहीत हेही सैनिक वाचकाला सांगावे लागले नसेल. हा एक तुकडा मात्र कोणत्याही जुळणीत टिकला असता, हे माझ्या आधीच्या मताला धरून नसले तरी प्रामाणिकपणे नोंदवतो.

बातमीदाराचे उदाहरण याहून बोचरे आहे. विल्यम बीच टॉमस हे डेली मेलचे आघाडीवरचे बातमीदार होते. त्यांचे येथे ‘टीच बॉमस’ झाले. रणगाडे प्रथम रणांगणावर आले ते १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत. सपाट जमिनीवरही ताशी चार मैलांचा वेग न गाठणारी, वाटेत बंद पडणारी आणि खड्ड्यांत रुतणारी ती यंत्रे होती. टीच बॉमसच्या वार्तापत्रात ती पहाटेच्या करड्या-जांभळ्या प्रकाशात प्राचीन काळच्या राक्षसी जनावरांसारखी आनंदाने उड्या मारत निघतात. वाक्ये लांबलचक, विशेषणांनी ओथंबलेली, आणि बातमीदार स्वतः सगळे जवळून पाहत असल्याच्या थाटात लिहिलेली आहेत. पुढे १९२५ मध्ये बीच टॉमस यांनी आपल्या आठवणींत लिहिले की सोमबद्दल आपण जे लिहिले ते बहुतांशी असत्य होते आणि त्याची आपल्याला मनापासून लाज वाटली. हा कबुलीजबाब माहीत असताना ते विडंबन पुन्हा वाचले की लक्षात येते: खंदकातल्या दोन संपादकांनी १९१६ मध्ये जे ओळखले होते, तेच लिहिणाऱ्याने नऊ वर्षांनी स्वतःच्या नावाने मान्य केले.

राजकारणाकडेही पत्राची नजर आहे, पण ती याच वाटेने जाते. होरेशियो बॉटमली हे ‘जॉन बुल’ साप्ताहिकाचे संपादक आणि युद्धकाळातले अत्यंत लोकप्रिय वक्ते. तरुणांनी सैन्यात भरती व्हावे म्हणून त्यांनी सभा गाजवल्या आणि त्यातून पैसेही मिळवले. येथे त्यांचे ‘कॉकल्स टमली’ होते आणि त्यांच्या छातीठोक भाकितांचा सूर हुबेहूब उतरवला जातो. बॉटमली १९१८ च्या निवडणुकीत पार्लमेंटमध्ये निवडून आले आणि १९२२ मध्ये जनतेच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन तिथून हाकलले गेले. मंत्रिमंडळ, पंतप्रधान, पक्ष यांच्यावर थेट टीका शोधणाऱ्याला मात्र या ग्रंथात फारसे मिळणार नाही. रॉबर्ट्स हे नोकरीत असलेले लष्करी अधिकारी होते, पत्र सैन्याच्या डोळ्यांसमोर निघत होते. मर्यादा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते आणि तिच्या अगदी कडेवरून ते चालले.

ती कडा कुठे आहे ते दाखवणारे पान म्हणजे माझ्या मते संपूर्ण ग्रंथातले सर्वांत मोठे पान आहे. ‘सोम टाइम्स’चा अंक ३१ जुलै १९१६ चा. सोमची लढाई १ जुलैला सुरू झाली आणि त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता किंवा मृत झाले. मृतांचा आकडा १९,२४०. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी निघालेल्या या अंकात एका औषधी संस्थेच्या थाटाची जाहिरात आहे. तुम्ही आशावादाचे बळी आहात का, असा मथळा. ठाऊक नसेल तर स्वतःला पुढील प्रश्न विचारा, असे म्हणून क्रमांक घातलेले पाच प्रश्न. तुम्हाला आनंदी राहण्याचा त्रास होतो का? सकाळी उठल्यावर दोस्त राष्ट्रांचे सर्व ठीक चालले आहे असे वाटते का? येत्या बारा महिन्यांत युद्ध संपेल असा विचार कधी मनात येतो का? वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीवर विश्वास ठेवावासा वाटतो का? आणि पाचवा प्रश्न: आपले नेते हे युद्ध यशस्वीपणे शेवटास नेण्यास समर्थ आहेत असे तुम्हाला वाटते का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर त्या भयंकर रोगाने तुम्हाला गाठले आहे. आमच्या संस्थेत दोन दिवस काढा, रोगाचा मागमूस उरणार नाही.

हे पान मी अनेकदा उघडून पाहिले आहे. पहिले चार प्रश्न मनःस्थितीबद्दल आहेत, कुणाचेही नाव घेत नाहीत, आणि वाचकाला हसण्याची सवय लावतात. पाचवा प्रश्न त्याच टाइपात, त्याच आकारात, त्याच विनम्र सुरात येतो. तो जर संपादकीयात विधान म्हणून आला असता तर कदाचित पत्र तिथेच बंद झाले असते. औषधाच्या जाहिरातीत, पाचव्या क्रमांकावर, प्रश्नचिन्हासकट आल्यामुळे तो छापला गेला, वाटला गेला आणि सोमच्या मागच्या फळीतल्या छावण्यांमध्ये वाचला गेला. शिवाय ‘आमची संस्था’ म्हणजे पुढचा खंदक, दोन दिवसांचा उपचार म्हणजे तिथली पाळी, हे कुठेही न सांगता प्रत्येक वाचकाला समजत होते. प्रतिरूप आवृत्तीत या पानाचे क्रमांक, ठळक अक्षरे आणि जाहिरातीखाली दिलेले विनोदी दूरध्वनी व तारेचे पत्ते सगळे जागच्या जागी आहेत. या एका पानासाठी ग्रंथ विकत घ्यावा असे कोणी म्हणाले तर मला ते अतिशयोक्त वाटणार नाही.

परिपत्रकांची गंमत छोटी पण अचूक आहे. मुख्यालयाकडून तरुण प्लाटून अधिकाऱ्यांना स्वतःला विचारायच्या प्रश्नांची यादी पाठवली जाई आणि तिच्यात चढाईच्या वृत्तीवर भर असे. पत्राने हनुवटीच नसलेल्या, काठी घेऊन विचारमग्न उभ्या राहिलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचे चित्र छापले आणि खाली त्याचा प्रश्न: मी जितका ‘ऑफेन्सिव्ह’ असायला हवा तितका आहे ना? इंग्रजीत त्या शब्दाचे चढाई करणारा आणि दुसऱ्याला नकोसा होणारा असे दोन्ही अर्थ होतात, हे ध्यानात घेऊन ते चित्र पाहावे. ठसा हाताने कोरलेला आहे आणि त्याच्या रेषांचा जाडेभरडेपणा छायाप्रतीत सुरेख उतरला आहे.

आता जे उणे आहे त्याविषयी. कविता बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा कंटाळवाण्या आहेत. खुद्द संपादकांनाच याचा त्रास झाला होता: डिव्हिजनमध्ये कवितेची साथ पसरली असून एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बाँब घेतलेले तरुण अधिकारी काव्यदेवतेशी बोलत काटेरी तारांपाशी भटकताना दिसतात, अशा आशयाची तक्रार त्यांनी एका अंकात छापली आहे आणि ती बहुतेक कवितांपेक्षा सरस आहे. शेरलॉक होम्सच्या धर्तीवर चालवलेली ‘हरलॉक शोम्स’ची क्रमशः गोष्ट पहिल्या दोन भागांनंतर मला ओढूनताणून वाटली. डिव्हिजनमधल्या व्यक्तींवरचे खासगी टोमणे तर आज कुणालाच उलगडणार नाहीत. हे पत्र अधिकाऱ्यांनी चालवलेले होते हेही विसरून चालत नाही. साध्या शिपायाचा आवाज यात अधूनमधून येतो, तोही बहुधा अधिकाऱ्याच्या कानाने ऐकलेला. रमचा अपुरा पुरवठा, जेवणातला रोजचा तोच मुरंबा, चिखल, उंदीर हे सर्वांचे विषय आहेत, पण हुकूम पाळणाऱ्याचे हसणे आणि हुकूम देणाऱ्याचे हसणे यांत फरक असतो आणि या ग्रंथात दुसऱ्याचे प्रमाण जास्त आहे.

ग्रंथाच्या निर्मितीबद्दल माझी मुख्य तक्रार टिपांविषयी आहे. माझ्या आवृत्तीत प्रस्तावना नेमकी आणि वाचनीय आहे, परंतु प्रत्यक्ष पानांना टिपा जवळजवळ नाहीत. टेकडी क्रमांक ६० कुठे होती, हूगे येथे काय घडले, बेलरी हेलॉक आणि कॉकल्स टमली म्हणजे कोण, हे मला इतरत्र शोधावे लागले. प्रत्येक अंकाच्या आधी एक पान घालून त्या तारखेला डिव्हिजन कुठे होती आणि आसपास काय चालले होते एवढे सांगितले असते आणि ईप्रभोवतीच्या आघाडीचा एक नकाशा जोडला असता, तर या ग्रंथाची किंमत माझ्या नजरेत दुप्पट झाली असती. काही पानांवर मूळ शाई फिकट पडल्याने बारीक टाइप वाचायला भिंग घ्यावे लागते. पण ती अस्पष्टता पुसून अक्षरे गडद केली नाहीत हे मला योग्यच वाटते. कागद जाड आणि किंचित पिवळसर आहे, शिवण पक्की आहे, ग्रंथ उघडून टेबलावर ठेवला तर आपोआप मिटत नाही. चौकटीतल्या जाहिराती दोन्ही पानांवर एकदम पाहता याव्यात म्हणून हे आवश्यक आहे.

टिपांच्या अभावाचा सर्वांत जास्त तोटा होतो तो अखेरच्या भागात. ‘बी. ई. एफ. टाइम्स’चा फेब्रुवारी १९१८ चा अंक संपतो आणि पान उलटले की ‘बेटर टाइम्स’चा नोव्हेंबर १९१८ चा अंक समोर येतो. मध्ये कोरे पान नाही, एक ओळ नाही. या नऊ महिन्यांत २१ मार्चला जर्मनांची मोठी चढाई झाली, चोविसावी डिव्हिजन तिच्या वाटेतच होती, आणि वृत्तपत्र काढण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्यांची टोपणनावे आधीच्या अंकांत वारंवार भेटली होती त्यांतली काही पुढे दिसत नाहीत. वाचकाला हे स्वतःच हेरावे लागते. अखेरच्या डिसेंबर १९१८ च्या अंकात रॉबर्ट्स यांनी पहिल्यांदाच चौकट, विडंबन, उसना सूर हे सगळे बाजूला ठेवून लिहिले आहे की युद्धाच्या वैभवाबद्दलचे आमचे भ्रम फिटले आहेत आणि मानवजातीवर कोसळू शकणारी ही सर्वांत नीच आपत्ती आहे हे आम्हाला कळले आहे. तेवीस अंकांत इतके सरळ वाक्य दुसरे नाही.

युद्धाचा क्रमवार इतिहास हवा असेल त्याने हा ग्रंथ घेऊ नये. ज्याला वृत्तपत्राची, छपाईची, विडंबनाची किंवा ब्रिटिश लोकांच्या हसण्याच्या तऱ्हेची गोडी आहे त्याने अवश्य घ्यावा, शेजारी आघाडीचा नकाशा ठेवावा आणि एका बैठकीत एकाच अंकापेक्षा जास्त वाचू नये. जुनी प्रत विकत घेताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात: पाने मूळ अंकांच्या छायाप्रती आहेत की नव्याने जुळवलेली, आणि ‘बेटर टाइम्स’चे दोन्ही अंक शेवटी जोडलेले आहेत की नाहीत. ते नसतील तर तशी प्रत परत करून पूर्ण संच मिळेपर्यंत थांबावे.